अकरा घरांचा कागद

नवागाम, सुरत
ता. १९ फेब्रुवारी १९९७

मंदे,

नाही, सही केली नाही. तुझा कोर्टाच्या शपथेचा कागद उशीखाली तसाच आहे. दोनदा विचारलंस, आता तिसरं पत्र टाकू नको, टपालवाला हसतो. बाकी मी बरी आहे, गुडघे सोडून.

दिल्लीला मानवी हक्क आयोगात लागलीस म्हणून गल्लीभर पेढे वाटले. शेजारची शोभाबाई विचारते, "तिथं काम काय?" म्हटलं, "सरकारी पगार घेऊन सरकारशीच भांडायचं." म्हणे, "मग पोरगी काकूवरच गेली."

पण त्या पेपरवाल्यावर टाळकं फिरलं माझं. 'धरणातली निर्वासित मुलगी' म्हणे! बिचारी-बिचारी काय लावलंय? रेशनच्या ऑफिसात तो कारकून गावचा दाखला मागत होता, तेव्हा तू अकरा वर्षांची. म्हणालीस, "गाव पाण्यात आहे साहेब, बुडी मारून तुम्हीच आणा." त्याच दिवशी तू वकील झालीस. भाऊजी रस्ताभर तुला रागावले आणि घरी येऊन पोट धरून हसले. बाप तुझा, पण दीर माझा, मला माहीत.

आता दिल्लीला जायच्या आधी आपल्या बुडालेल्या पाड्याची केस लावायची तुला घाई. शपथेत लिहिलंस, 'आम्हाला जमिनीची नोटीस आलीच नाही.' वर माझी शपथ! कोणाला विचारून? भाऊजी मरेस्तोवर हेच सांगायचे. लूमच्या खडखडाटात कान गेले त्यांचे, हे वाक्य गेलं नाही.

पाड्यात चौथी पास मी एकटी. कोणाचंही पत्र आमच्या ओट्यावर यायचं. मी पदरचं घालून वाचायची. रामदासनं बायकोला 'खुशाल आहे' लिहिलं की मी वाचायची, 'तुझ्या भाकरीवाचून वाळलो.' ती लाजायची, सगळे हसायचे.

तलाठ्यानं तो नोटिशीचा कागदही माझ्याच हातात दिला. अकरा घरांना एक कागद, आणि वाचणारी एक वात्रट बाई! मेल्यांना घरोघरी जायला काय झालं होतं? हे कोर्टात ओरडून सांग. पण आलाच नाही म्हणू नको. त्यांच्याकडे पोच आहे, तिच्यावर माझी सही आहे. भर कोर्टात खोटी पडशील, नव्या नोकरीवर पहिला डाग माझा लागेल.

तुझे काका तेव्हा इथं लूमवर होते. पाड्याला जमिनीला जमीन मिळाली असती, तर मी सासूपाशी तिकडंच राहिले असते. मला सुरत पाहिजे होती.

कागदात होतं, महिन्याच्या आत अर्ज करा, नाहीतर जमीन नाही. मी वाचलं, साहेब स्वतः येतील, पाड्यातच थांबा.

महिनाभर अकरा घरं ओट्यावर बसून साहेबाची वाट पाहत होती. मी त्यांना चहा देत होते.

या पत्राखाली सही करते. पोचवर आहे तीच.

धुरपदाबाई