दलदलीसाठी दोन घमेली रेती

बाबा, आज रेती आणायला गेलो होतो. फक्त दोन घमेली. एवढ्याशा रेतीसाठी आलेल्या गिऱ्हाइकाला तुम्ही परत पाठवलं नसतं, पण कशाला पाहिजे हे विचारल्याशिवाय सोडलंही नसतं. इथे बोरगाव मेघेतल्या रेतीवाल्यानेही विचारलंच. "काका, बाथरूमचं काम काढून राह्यले का?" मी म्हटलं, "नाई बा, चिखल करून राह्यलो." त्याला ती गंमत वाटली. मी खरंच सांगत होतो. गच्चीवर एका मोठ्या टबात मला दलदल करायची आहे, बारा महिने ओली राहणारी, आणि तिच्यासाठी कोणता माल घ्यावा हे ठरवण्यात माझे आठ दिवस गेलेत. ओल जावी म्हणून लोक तुमच्याकडून मुरूम न्यायचे, आणि तुमचा मुलगा ओल टिकावी म्हणून धडपडतोय.

तुमच्या सुनेला तुम्ही पाहिलं नाही, लग्न तुमच्या मागे झालं. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि घरी किडे खाणारी झाडं पाळायची. पानांवर चिकट थेंब घेऊन बसणारं दवबिंदू, सुरईसारख्या पानांची दोन-तीन. वर्गात दाखवायला आणलेली, मग घरचीच झाली. दिवाळीच्या आधी ती गेली. मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, मन घट्ट आहे. घट्ट कसलं, बधिर आहे. दात काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला वाटत नाही, तसं. जेवतो, वेळेवर झोपतो, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो आणि त्यात काय होतं ते आठवत नाही.

दलदल करायचं तिचं ठरलं होतं. वहीत सामानाची यादी आहे, आणि यादीत बहुतेक नकारच आहेत. काळी माती नको. शेणखत नको, कुठलंच खत नको. बोअरचं पाणी नको, त्यात क्षार फार. पाणी पावसाचं, नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते. अर्धी रेती आणि अर्धं पीट, म्हणजे थंड मुलखातल्या दलदलींतलं जुनं कुजलेलं शेवाळ. ते पार्सलने आलं. नारळाच्या काथ्याचा भुसा स्वस्त पडतो, पण त्यात मीठ असतं, म्हणून त्याच्यापुढे तिने 'सात वेळा धुतला तरच' असं लिहून ठेवलंय, आणि काम उरकून टाकायचा माझा स्वभाव तिला ठाऊक होता. आपल्या वडनेरला मूठभर शेणखत घातल्याशिवाय कुणी तुळससुद्धा लावत नाही. खाऊ घातलं की मरतात अशीही झाडं असतात, हे तुम्हाला पटलं नसतं. रेतीबद्दल वहीत एवढंच आहे: 'धुतलेली, चुना नसलेली. यांना विचारायचं, वडिलांचं रेतीचं दुकान होतं.' तिने विचारलं नाही. राहून गेलं.

पुलगावच्या दुकानातला तो दिवस तुम्हाला आठवत नसेल. मी वीस वर्षांचा, परीक्षा देऊन रिकामा, तुमच्या खुर्चीत बसलेला. घर बांधायला काढलेले एक मास्तर येतात, रेती साफ आहे का विचारतात. मी म्हणतो, एकदम साफ. तुम्ही मागून येता. "पाह्यली काय तुनं?" मी मागे वळून ढिगाकडे बघतो. "मंग सांगतलं काऊन?" तुम्ही फळीवरची काचेची बरणी काढता, मूठभर रेती टाकता, पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवता आणि मास्तरांसमोर ठेवता. मास्तरांना चहा देता. एक चहा होतो, दुसरा होतो. रेती खाली बसते, वर बोटभर माती. "मास्तर, हा माल तुमच्या कामाचा नाई. पुढच्या हप्त्यात येजा." मास्तर उठले ते दुसऱ्या दुकानात गेले, परत आले नाहीत. माझे कान लाल झाले होते. संध्याकाळी कुलूप लावताना तुम्ही एवढंच म्हणालात, "पाह्यल्याशिवाय सांगत नोको जाऊ." मला नोकरी लागली तेव्हा तीच बरणी तुम्ही कागदात गुंडाळून दिलीत. मी त्यात पेनं ठेवली.

आज पेनं काढली. सकाळी रेती टाकून, हलवून ठेवली. थोड्या रेतीवर लिंबूही पिळलं, बुडबुडे आले नाहीत, म्हणजे चुना नसावा. आता चार वाजलेत. वर करंगळीच्या नखाएवढा गाळ आहे. पुन्हा धुवावी लागेल.

बाबा, ती चार महिने दवाखान्यात होती. रोज विचारायची, "झाडं कशी आहेत?" मी म्हणायचो, "मस्त आहेत." गच्चीवर मी एकदाही गेलो नव्हतो. शेजारच्या वहिनींना पाणी घालायला सांगून मोकळा झालो होतो, वहीतलं काही सांगितलं नव्हतं. त्यांनी जीव लावून सगळं केलं. रोज बोअरचं पाणी, आणि झाडं मलूल दिसली म्हणून प्रत्येक कुंडीत मूठभर शेणखत. त्यांची काही चूक नाही, त्यांच्या आईनेही हेच केलं असतं. शेवटच्या आठवड्यात तिने विचारलं, "दवबिंदूला फूल आलं का?" मी म्हटलं, "आलं. गुलाबी." ती हसली आणि डोळे मिटून पडून राहिली.

तेराव्यानंतर वर गेलो. सहा कुंड्या, सगळी झाडं काळी पडलेली. टाकीमागे एक सातवी होती, वहिनींना न दिसलेली. तिच्यावर शेजारच्या एसीच्या नळीचं बिनक्षाराचं पाणी ठिबकत होतं, त्यावर त्यातलं झाड जगलं होतं. दवबिंदूचं, रुपयाएवढं रोप. फूल नव्हतं. त्या कुंडीसमोर मी बराच वेळ उभा राहिलो आणि मला काही वाटलं नाही. ते रोप गेलं तर तिचं जिवंत असं घरात काही उरणार नाही, एवढं मात्र कळलं.

हे पत्र घडी करून बरणीखाली ठेवतोय, ते कुठे जायचं नाही. रेती दुसऱ्यांदा धुतो, उद्या टब भरतो, परवा रोप लावतो. ते जगेल का, हे तुम्हाला सांगत नाही. अजून पाहिलेलं नाही.