पालथा काप आणि छापून झालेली निमंत्रणे

तीर्थस्वरूप काकांना धाकट्या पुतणीचा साष्टांग नमस्कार. (पत्र खुर्चीत बसून लिहीत आहे; तरी भाव जमिनीवरचाच मानावा.) काकूंच्या गुडघ्याला आराम पडला असेल आणि आपला छापखाना पूर्ववत धडधडत असेल, अशी आशा आहे. माझ्या ‘महान शोधा’बद्दल आपण सत्कार ठरवून निमंत्रणेही छापलीत, असे आईने फोनवर सांगितले. तेव्हापासून मी हेच पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. कारण सविस्तर कळवते.

मी काय करते, हे आपण दर वेळी विचारता आणि मी दर वेळी लाजून ‘अभ्यास’ एवढेच सांगते. वास्तविक ते असे : शरीरातली प्रत्येक पेशी हुकूम काढते, तो आरएनए, आणि त्या हुकमाबरहुकूम जो माल तयार होतो, ते प्रथिन. पूर्वी हे पाहायचे तर ऊती वाटून तिचा लगदा करावा लागे. सगळे गाव एका पातेल्यात घोटल्यावर काय बोलणे झाले ते कळते, कुठल्या घरातून झाले ते कळत नाही. आता ऊती जशीच्या तशी ठेवून तिचा केसाहून पातळ काप काचेवर घेतात, त्यावर चकाकणाऱ्या खुणा सोडतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशीन्‌पेशी आपापल्या पत्त्यावर उजळते. काका, ते प्रथम पाहिले तेव्हा मी श्वास घ्यायचे विसरले. (त्यात व्यवहारही आहे : काप घेताना जोरात श्वास सोडला, तर तो उडून जातो.)

उंदराच्या एका वाटाण्याएवढ्या ग्रंथीचे मी दोन लागोपाठचे काप घेतले. एकावर हुकूम पाहिले, दुसऱ्यावर माल. नकाशे एकमेकांवर ठेवले तो काय! हुकूम निघत होते एका टोकाच्या घरांतून आणि माल सापडत होता दुसऱ्या टोकाला. दुकानदाराकडे उरलेले सुटे मागायचाही जिला धीर होत नाही, ती मी भर बैठकीत उभी राहिले आणि पेशी परस्परांना दूरवर माल पोचवतात, असे जाहीर करून बसले. बैठक आटोपायच्या आत, चहाच्या सुट्टीत, आईला फोन केला. आईने आपल्याला केला. आणि आपण यंत्र सुरू केलेत.

सुट्टीनंतर मार्गदर्शक बाई पडद्यावरच्या माझ्या नकाशांजवळ गेल्या. “ही कडेची फाट इथे उजवीकडे आणि तिथे डावीकडे? अगं, तुझा एक काप पालथा पडलाय!”

“शोध लागलाय हो बाई,” आमच्यातला ‘भोंगा’ म्हणून ओळखला जाणारा सहकारी म्हणाला, “फक्त आरशात!”

आयुष्यभर छपाईच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरे सुलटी वाचणाऱ्या मुद्रकाची मी पुतणी. आणि मला ती फाट दिसू नये!

बाई रागावल्या नाहीत. “रडतेस काय? आता एकाच कापावर दोन्ही बघ,” म्हणाल्या. पाहिले. हुकूम आणि माल बहुतेक त्याच त्या दारी निमूटपणे नांदत होते. मात्र एका बारीक रक्तवाहिनीच्या काठाने काही पेशी ओळीने उभ्या होत्या : हुकूम निघालेला, माल अजून नाही. कुणाच्या तरी चाहुलीची वाट पाहत जणू दारात येऊन थांबलेल्या. बाईंनी काप सुलटा असल्याची खात्री केली, मग खुर्ची ओढून बसल्या आणि त्या पेशी एकेक करून मोजू लागल्या. भोंगासुद्धा निमूट आकडे टिपू लागला. त्या पेशी कशासाठी थांबल्या आहेत, हे आम्हांला ठाऊक नाही. पण त्या तिथे आहेत, आणि आम्ही त्यांना त्यांच्या दारात पाहिले.

काकूंना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद देण्याइतकी माझी योग्यता सध्या नाही.

आपली,
पालथी पुतणी

ता. क. : निमंत्रणे वाटली नसतील, तर कृपा करून सत्कार रद्द करावा. आपला शब्द खाली पडेल, याचेच मला सर्वांत वाईट वाटते.

ता. ता. क. : वाटली असतील, तर सभागृह राहू द्यावे. हार नको, भाषणे नकोत. फक्त एक पांढरी भिंत हवी आणि सगळे दिवे बंद. त्या पेशी मला सर्वांना दाखवायच्या आहेत. अंधारात मला बोलता येते, असा शोध मला लागला आहे. हा मात्र मी उलटसुलट तपासून पाहिला आहे.