गोंदियाचा मामा

माय, परवा गोंदियाच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी मला विचारलं, "तुझ्या गोळ्या आता तुमच्या तालुक्यालाच मिळू शकतात. घरापासून जवळ. तुला कसं पाहिजे, सांग." जन्मापासून एचआयव्ही घेऊन वाढले, पण मला कसं पाहिजे हे कोणी विचारल्याचं आठवत नाही. लहानपणी डॉक्टर माझ्या डोक्यावरून तुझ्याशीच बोलायचे, "ही गोळ्या नीट घेते ना?" तू "घेते जी" म्हणून मोकळी व्हायचीस आणि मी टेबलावरचं पेपरवेट फिरवत बसायचे. परवा मी थोडा विचार करते म्हणाले आणि बाहेर बाकावर येऊन बसले.

बसल्या बसल्या आधी मामा आठवला. दोघींची औषधं गोंदियाहून आणायची आणि गावात विचारलं तर भावाकडे जातो म्हणायचं, हा तुझा कायदा. तुला भाऊ नव्हताच. पण गावाला उत्तर लागतं, म्हणून तू त्याला रेल्वेत नोकरी दिलीस, त्याचं लग्न लावलंस, आणि लागोपाठ जावं लागलं तेव्हा बिचाऱ्याचा पायही मोडलास! मला हसू यायचं, तू डोळे वटारायचीस. शेजारच्या काकीचं घर तळ्यावर मासे धरणारं. "काऊन वो, भावाकडं जाऊन राहिली का?" म्हणत ती सुकवलेल्या झिंग्यांचं पुडकं आणून द्यायची. "देजो तुह्या भावाले." नसलेल्या भावाला झिंगे द्यायचे कसे? ते गोंदिया पाहून परत यायचे आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच चुलीवर भाजले जायचे. तू दार लावून भाजायचीस, जसा काही तो वास दाराला विचारून बाहेर पडणार होता. काकीच्या ओसरीपर्यंत तो नक्की जात असेल. तरी पुढच्या खेपेला पुडकं तयारच असायचं.

तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. अंगणात बाया जमल्या आणि माहेरच्या लुगड्याचा विषय निघाला. बाईच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडायला हवं, भावाला फोन करा, असं जो तो म्हणायला लागला. मी भिंतीला टेकून उभी. मामा नाही हे कळलं की आपण गोंदियाला कशाला जायचो तेही कळणार, या भीतीने मला रडूही येत नव्हतं. तेवढ्यात काकी तिच्या घरात जाते, घडी न मोडलेलं हिरवं लुगडं आणते आणि तुझ्या अंगावर पसरते. "भावाचंच समजा. तो काही येऊन नाही राहिला. उचला आता." मग कोणी काही विचारलं नाही. तुला भाऊ नाही हे काकीला कधीचंच माहीत होतं. आणखी काय माहीत होतं, ते तिने आजवर बोलून दाखवलेलं नाही.

बाकावर माझ्या शेजारी कॉलेजातली एक मुलगी होती. तिची आई गेटाबाहेर उभी. ती म्हणाली, "मी बाईले सांगून देल्लं, मायले आत नोका येऊ देऊ. ते रडते, मंग मले बोलताच येत नाही." मला तिचा राग आला, आणि लगेच हेवाही वाटला. बाहेर उभी करायला तिला आई होती.

मी आत जाऊन सांगितलं, मला गोंदियाच पाहिजे. कारण तयार ठेवलं होतं, की जवळच्या दवाखान्यात ओळखीचं कोणी पाहील. बाईंनी कारण विचारलंच नाही. "बरं, इथेच ये," एवढंच म्हणाल्या. मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू!

तसं ते कारण अर्धंच खरं होतं. उरलेलं फक्त तुला सांगते. मला तो गोंदियाला जायचा दिवस आवडतो, माय. शिलाईची मशीन बंद असते, तू गेल्यापासून मी राहते त्या चुलत्यांच्या घरातलं कोणी हाक मारत नाही, मी खिडकीशी बसून शेतं बघत जाते. आपण दोघी जायचो तेव्हा गाव मागे पडलं की तू डोक्यावरचा पदर खाली घ्यायचीस आणि मोठ्याने हसायचीस. घरी मी तुला तसं हसताना पाहिलं नाही. आपण लपायला जातो, असंच मला तेव्हा वाटायचं. गोळ्या संपत आल्या की आता गोंदियाला जायचं म्हणून मला आनंद होतो, हे कोणाला सांगायची लाज वाटते. तुलाही व्हायचा ना?