टाकली नव्हे, सोडलं

चिमणे,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून खा. मी शिवणवर्गाला जातेय.

काल तिथे मालिकेतल्या नायिकेवरून जुंपली. एवढा प्रेमविवाह मोडला तो हिच्याच हट्टापायी, जरा पडतं घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, असं सगळ्याजणी म्हणत होत्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "शेवटी त्याने टाकलीच ना तिला."

मी मशीन थांबवलं. म्हटलं, "टाकतात तो कचरा. तिने त्याला सोडलं, तेही ताठ मानेनं."

काकूंनी हळूच विचारलं, "मालिकेतलीबद्दलच बोलताय ना?"

मी म्हटलं, "दोघींबद्दल."

दूध संपलंय, घेऊन ये. आणि माहेरी परत आल्यापासून मागच्या जिन्याने जातेस, ते आता बंद. काकूंच्या दारावरूनच जा.

आई