जास्मिनचं वचन

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

झालं! बेलापूरच्या लग्नात चर्चचा माइक ऐन वचनांच्या वेळी बंद पडला. माझा कॅमेरा मागं, दाराशी. वेदीजवळ पप्पा होते, म्हणून नवरीचं — जास्मिनचं — वचन फक्त त्यांच्या कॅमेऱ्यात आहे. तेही अगदी पुसट. आणि चित्र? नवरी अर्धी, फुलांची कमान अख्खी! तीस वर्षं लग्नं शूट केलेला माणूस हा!

११ फेब्रुवारी

जास्मिनच्या आईचा, मरियाबाईंचा फोन. 'ग्रेस, बाकी काय बी नसलं तरी चालंल. पोरीचं वचन तेवढं ऐकू येऊ दे गं. तिचे वडील अंथरुणाला खिळलेत, चर्चमदी येता आलं न्हाई त्यांना.' हो म्हणून बसले. आता?

१२ फेब्रुवारी

सगळा आवाज एकदम वाढवणारं नॉर्मलाईजचं बटण दाबलं — ढिम्म! वचनानंतर दाराशी फटाका वाजलाय. सगळ्यात मोठा आवाज तोच. तो वरच्या टोकाला टेकलेला, मग बाकीचं वर जाणार कसं? चिडून सगळंच हातानं वर ओढलं. दाराबाहेरच्या बँडचा आवाज असा फाटला, जणू पत्र्यावर खडे ओततंय कोणी.

१३ फेब्रुवारी

पप्पांशी वाजलं. म्हटलं, 'लक्ष कुठं असतं तुमचं? मिरजगावच्या ऑर्डरला येऊ नका आता.' ते नुसतं 'बरं' म्हणाले. भांडले असते तर परवडलं असतं.

१४ फेब्रुवारी

जेवताना सुचलं. आधी फटाका आणि बँड वेगळे कापून खाली आणायचे. मग सगळं हळूहळू वर न्यायचं, आवाज फाटतो त्या लाल रेषेच्या अलीकडे थांबायचं. मोठ्याला आधी गप्प करावं लागतं, तेव्हा बारक्याला जागा होते. आमच्या घरात मोठा आवाज माझाच आहे. बघू उद्या.

१५ फेब्रुवारी

जमलं. कुठंच फाटत नाही. जास्मिनचा शब्द न् शब्द कळतो. आणि दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, शेजारच्या कुणा बाईला पप्पांची कुजबुज — 'ताई, बघा की जरा. नवरी मधी हाय का? मला नुसतं पांढरं दिसतंय.'

पप्पा पलीकडच्या खोलीत लेन्स पुसतायत.