सासरेबुवांच्या पिकअपचा ताप

प्रिय साडूभाऊ,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. कोण किती खुशाल आहे ते पुढे येईलच. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईंचा खोकला थांबला का? कोंबड्यांची तब्येत विचारत नाही, कारण हे पत्र एका अर्थी त्यांच्याचमुळे लिहावं लागतंय. फोन केला असता, पण आमचं घर तुम्ही पाहिलंय. एका खोलीत शिंकलं की दुसऱ्या खोलीतून औषध सुचवलं जातं. शिवाय सासूबाईंचे कान अजून तिखट आहेत, आणि जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. म्हणून अंगणापलीकडच्या वर्कशॉपात येऊन, दुरुस्तीला आलेल्या एका फ्रिजवर कागद ठेवून लिहितोय. अक्षर थरथरलेलं दिसलं तर तो फ्रिजचा दोष समजावा. (फ्रिज बंद आहे, पण तुम्ही तसंच समजा.)

सासरेबुवा गेले तेव्हा तुमच्या वाट्याला त्यांची शिडी आणि पान्यांची पेटी आली आणि तुम्ही सुटलात. माझ्या वाट्याला आली पिकअप. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, कारण सासरेबुवांनी हयातीत मला त्या गाडीच्या स्टिअरिंगवर कधी बसू दिलं नव्हतं. ते पंप दुरुस्त करणारे, कढत स्वभावाचे. मी फ्रिज दुरुस्त करणारा. आमच्या लग्नात त्यांनी अर्ध्या मधल्या बोटाने (उरलेलं अर्धं एका पंपाच्या पट्ट्याने ठेवून घेतलं होतं) माझ्याकडे दाखवून म्हटलेलं तुम्हाला आठवत असेलच, की धाकटा जावई म्हणजे फ्रिज आहे, दार उघडलं की दिवा लागतो पण ऊब म्हणून नाही. तुम्ही हसला होता. मी विसरलेलो नाही. तर अशा माणसाच्या गळ्यात जगातली सगळ्यात तापट गाडी पडली.

तिचं तापणं साधंसुधं नव्हतं. टर्बो म्हणजे काय ते हळूहळूने मला समजावलं. (हळूहळू म्हणजे आमचा गॅरेजवाला. काहीही विचारा, ‘होईल हळूहळू’ म्हणतो, म्हणून सगळा रस्ता त्याला याच नावाने ओळखतो.) इंजिनातून बाहेर पडणारा कढत धूर एक चक्र फिरवतो, ते चक्र इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, त्याने गाडीला जोर येतो. पण ते चक्र स्वतः चढावर निखाऱ्यासारखं लाल होतं, आणि बॉनेटखाली बॅटरी, वायरी, रबरी नळ्या असे सगळे गरीब शेजारी त्याला चिकटून बसलेले. परिणाम असा की महिन्याभरात बॅटरी फुगली, प्लॅस्टिकच्या क्लिपा बिस्किटासारख्या तुटू लागल्या, आणि माझ्या बाजूला बसून एकदा बाजारात गेलेल्या हिच्या चपलेचा तळ मऊ पडला. लोकांच्या घरी थंडावा पोचवणारा माणूस स्वतः घामाने निथळत दारात उभा राहतो हे धंद्याला शोभत नाही. मी चंग बांधला की या गाडीला गार करीन तरच नावाचा.

मग मी आणि हळूहळू हात धुऊन गाडीच्या मागे लागलो. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत वर्षानुवर्षांची धूळ आणि पिसं होती (तुमच्याकडचीच, दुसऱ्या कोणाची?), ती काढली. टर्बोला उष्णता अडवणारं जाड पांघरूण घातलं. धुराच्या नळीला वरपासून खालपर्यंत पट्टी गुंडाळली, आणि मधे चकचकीत पत्र्याची ढाल लावली. पट्टी गुंडाळल्यावर पहिल्यांदा तापली की धूर येतो हे हळूहळूने सांगितलं होतं, पण समोरच्या शिंप्याला सांगितलं नव्हतं. त्याने बादलीभर पाणी आणून ओतलं, त्यातलं निम्मं माझ्यावर. असो. चढावरून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता थोडा वेळ नुसतं चालू ठेवायची सवयही मी लावून घेतली. माझ्याकडे लांबून तापमान मोजायची बंदूक आहे, ती रोखून पाहिलं तर आकडे झरझर उतरले होते. मी त्या दिवशी गाडीकडे पाहून मिशीला पीळ दिला. मला मिशी नाही, पण तुमच्या लक्षात आलं असेल.

आता पुढचं जरा सावकाश वाचा, आणि वाचताना शेजारी ताई असतील तर पत्र मिटून ठेवा.

एका सकाळी, रात्रभर उभ्या गाडीजवळून जाताना माझा हात बॉनेटला लागला आणि चटकन मागे आला. बॉनेट गरम होतं. आत बघावं तर इंजिन थंडगार, टर्बो थंडगार, रेडिएटरवर दव. फक्त वरचा पत्रा, तोही सगळा नाही. बंदूक आणली. पुढच्या कडेला दोनच जागा गरम, माणसाच्या दोन खांद्यांइतक्या अंतरावर. मी किल्ली स्वतःच्या उशाखाली ठेवून पाहिली. बॅटरीची तार काढून ठेवली. गाडी हळूहळूच्या गॅरेजात नेऊन कुलूपबंद केली. रोज सकाळी त्याच दोन जागा. तेव्हा मी खडू घेतला आणि बंदूक जिथे जिथे गरम दाखवेल तिथे ठिपका देत गेलो, आणि मग ठिपके जोडले. ही चहा घेऊन बाहेर आली, बघत उभी राहिली, आणि म्हणाली, “उजव्या हाताचं मधलं बोट अर्धंच का काढलंस?”

मी काढलं नव्हतं. ऊब तिथपर्यंतच होती.

हळूहळूला बोलावलं. त्याने पत्र्यावर हात ठेवला, काढला, पॅन्टला पुसला. म्हणाला, “इंजिनातली उष्णता असेल तर काढून देतो. ही इंजिनातली नाही.” आणि जन्मात पहिल्यांदा तो घाईघाईने निघून गेला.

इथे मला सासूबाईंबद्दल लिहायला हवं. सासरेबुवा गेले तेव्हा त्या रडल्या नाहीत हे आपण सगळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे राहायला आल्यापासून रोज सकाळी त्या अंगणात जायच्या आणि पिकअपसमोर बॉनेटवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहायच्या. मला वाटायचं, मी गाडी नीट धुतो की नाही ते बघतात. सासरेबुवा कामावरून आले की घरात यायच्या आधी त्याच जागी हात टेकून उभे राहत, आणि सासूबाई चहा बाहेर नेऊन बॉनेटवरच ठेवत, हे मला हिने नंतर सांगितलं. कपाच्या बुडाची गोल खूणही आहे तिथे रंगावर. मी ती घासून काढायचा प्रयत्न केला होता. निघाली नाही.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण साडूभाऊ, खरं सांगतो, मला भीती वाटली. आणि घाबरलेला मेकॅनिक सुटा भाग बदलतो. मी ठरवलं की दोष पत्र्यात आहे, आत उष्णता धरून ठेवणारा काही थर असणार, आणि हवा जायला फटी असलेलं नवीन बॉनेट मागवलं. जुनं तुम्ही तुमच्या खुराड्याला छप्पर म्हणून घेऊन गेलात. नवीन बॉनेट बसवलं त्या संध्याकाळी चढावरून आलो तरी त्यावर हात ठेवता येत होता. गाडी गार झाली. मी जिंकलो.

दुसऱ्या सकाळी सासूबाई नेहमीसारख्या बाहेर गेल्या. दोन्ही हात ठेवले. बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “जावईबापू, हात गार पडले हो त्यांचे.” आणि रडायला लागल्या. इतके महिने जे झालं नव्हतं ते त्या सकाळी अंगणात झालं, आणि ते माझ्यामुळे झालं. त्यानंतर त्या भिंतीकडे तोंड करून पडून आहेत. ताटातले घास मोजावेत इतके कमी जातात. डॉक्टर म्हणतात शरीरात काही दोष नाही. ही माझ्याशी बोलते, पण फक्त कामापुरतं. घरात आता सगळं गारच आहे. सासरेबुवा म्हणाले होते त्यात काही खोटं नव्हतं.

तुमचा परवाचा फोन हिने घेतला आणि हसत मला सांगितला. (हसली, म्हणून मीही हसलो.) म्हणे, तुमच्या कोंबड्या आत झोपायला तयार नाहीत, छपरावर जाऊन बसतात, त्यातही सगळ्या पत्र्यावर नाही, कडेला दोन घोळके करून, मधे जागा सोडून. तुम्ही म्हणालात, कोंबड्यांत भांडण झालंय आणि दोन पक्ष पडलेत. साडूभाऊ, पक्ष पडलेले नाहीत.

ताईंना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. : लिहायचं राहिलं, म्हणजे खरं तर एवढंच लिहायचं होतं. ते जुनं बॉनेट परत हवंय. या आठवड्यात आणलंत तर बरं. गाडी तापू दे, बॅटरी फुगू दे, चपला वितळू देत. कोंबड्यांना मी नवीन पत्रा घेऊन देतो, वाटल्यास फटींचा देतो, हवेशीर. येताना ते जुन्या गोधडीत गुंडाळून आणा, आणि सासूबाईंना मी काही लिहिल्याचं सांगू नका.

ता. क. दुसरा : वाटेत पत्रा गार पडलाच, तर तुमच्याकडे पिल्लांना ऊब द्यायचा दिवा आहे ना, तो बरोबर आणा. रस्त्याच्या कोपऱ्यावर थांबून, त्या दोन जागांखाली तो थोडा वेळ धरू आणि मग अंगणात येऊ. ही फसवणूक आहे हे मला कळतं. मी बंदूक लावून बघणार नाही. बंदूक मी हिच्या कपाटात ठेवून किल्ली तिला देऊन टाकली आहे.

ता. क. तिसरा : पत्र घडी करून खिशात ठेवलं होतं, ते पुन्हा उघडलं. आत्ता सासूबाई वर्कशॉपच्या दारात येऊन गेल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा उठल्या, केस विंचरलेले. म्हणाल्या, “मोठ्या जावयांना लिहिताय ना? त्यांना म्हणावं, पत्रा आणायची दगदग करू नका. आणि ते पिल्लांच्या दिव्याचं वगैरे काही करू नका. ते निघालेत तिकडून.” मी या पत्रातलं अक्षरही कोणाला वाचून दाखवलेलं नाही.

तेव्हा वरची विनंती रद्द समजा, आणि एवढंच करा. हे पत्र हातात पडताच खुराड्याजवळ जा आणि पत्र्यावर हात ठेवून बघा. गरम असेल तर काहीच कळवू नका. गार असेल तर घरी फोन करा, सगळ्यांनी ऐकलं तरी चालेल.

मी इथून खिडकीतून बघतोय. सासूबाईंनी स्वतः चहा केला, बाहेर नेला आणि कप नवीन बॉनेटवर ठेवून त्या शेजारी उभ्या आहेत. वारा आहे. माझ्या धंद्याच्या हिशेबाने तो चहा केव्हाच निवायला हवा होता. वाफ अजून येतेय.