खेडात कोणी मोबाईलवर गाडी घेत नाही

२ फेब्रुवारी २०२६, सोमवार
कंपनीचा मेल आला म्हणून लिहायला बसले. विजेवरच्या गाडीचे एक मॉडेल कंपनी आजपासून गिऱ्हाइकाला थेट मोबाईलवरून विकणार. चाचणी म्हणून. एप्रिलपासून सगळ्याच गाड्या. आम्ही डीलरनी ‘हस्तांतर एजंट’ व्हायचे. म्हणजे कंपनीने विकलेली गाडी धुवायची, पुसायची आणि चावी द्यायची. करारावर ३१ मार्चपर्यंत सही. नाहीतर शोरूम बंद.

शोरूमला सत्तावीस वर्षे झाली. माणसे चौदा. त्यांच्यासमोर हे बोलता येत नाही. ह्यांच्याशी बोलले तर हे म्हणाले, मग कर सही. म्हणून ही वही.

मी घाबरलेली नाही. मेल चार वेळा वाचला तो नीट समजावा म्हणून.

३ फेब्रुवारी
स्टाफची मीटिंग घेतली. दहा मिनिटे. सांगितले, खेडात कोणी मोबाईलवर गाडी घेत नाही. माणूस येतो, गाडीचे दार धाडकन लावून आवाज ऐकतो, चहा पितो. मग बायकोला आणतो. मग मेव्हण्याला. मेव्हणा नाही म्हणतो. पुन्हा चहा. विक्री म्हणजे शेवटी माणूस.

निलेशने, आमच्या सेल्स मॅनेजरने, विचारले, मॅडम, आणि मेव्हण्यानेच मोबाईलवर घेतली तर? त्याला म्हटले, विनोद नकोत. तो म्हणाला, विनोद नाही मॅडम, माझ्या घराचा हप्ता चालू झालाय.

मीटिंग तिथेच संपवली. एसीमुळे.

५ फेब्रुवारी
उपाय सापडला. आमच्याकडे प्रत्येक नव्या गाडीसमोर भिकाजी, आमचा वॉचमन, नारळ हातात धरून ग्रामदेवीला गाऱ्हाणे घालतो, आणि सगळा स्टाफ व्हय म्हाराजा म्हणतो. या गाऱ्हाण्यासाठी गुहागरहून लोक येतात. आजपासून नियम: मोबाईलवरून घेतलेल्या गाडीला गाऱ्हाणे नाही. बघू कोण घेतो.

भिकाजी म्हणाला, बाईसाहेब, देवीला काय ठावं, गाडी कुठनं घेतली ती? त्याला समजावत बसायला मला वेळ नव्हता.

९ फेब्रुवारी, दुपारी ३
सकाळपासून एकही गिऱ्हाईक नाही. लोट्याच्या एमआयडीसीत कामाला असलेला एक जण डिसेंबरपासून मागे लागला होता. फोन केला तर म्हणतो, काकी, एप्रिलपर्यंत थांबतो, मोबाईलवर स्वस्त मिळणार म्हणतात.

ठरवले. आपणच गिऱ्हाईक होऊन बघायचे, कुठे अडकते ते. पत्त्यावर अडकणारच. आमच्या वाडीला ना रस्त्याचे नाव, ना घरनंबर.

त्याच दिवशी, ३.२५
पत्त्यावर अडकले नाही. नकाशात आमची विहीरसुद्धा दिसते.
रंग विचारला. शेवाळी निवडला, असा रंग खपत नाही म्हणून. मिळाला.
कर्ज हवे का? हो म्हटले. बँकेचे साहेब आठ दिवस लावतात. इथे चार मिनिटांत मंजूर. हे मी मुद्दाम होऊ दिले.

आगाऊ रक्कम भरली. सात दिवसांत रद्द करता येते. त्याआधी कंपनीचा माणूस फोन करणार, केल्याशिवाय राहणार नाही. त्याच्यासाठी अकरा प्रश्न काढलेत. तो पहिल्यालाच गडबडेल. मग रद्द.

१२ फेब्रुवारी
फोन नाही. जेवताना वाजला तेव्हा हातातली वाटी पडली. दूधवाला होता. म्हशी आटल्यात म्हणे.

१५ फेब्रुवारी, रविवार
ह्यांनी विचारले, कोणाच्या फोनची वाट बघतेस? कोणाच्याच नाही, असे सांगितले. मग फोन घेऊन न्हाणीघरात कशाला जातेस, म्हणाले. मी भांडी घासायला घेतली.

रद्द करायला एक बटण दाबायचे आहे. पण आत्ता दाबले तर फोन न करताच ते जिंकले. उद्या संध्याकाळी सातपर्यंत थांबणार. रात्री तीनदा उठून फोन बघितला. कालचे लोणचे बाधले.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
फोन नाही. शिस्तीत सातला रद्द करायला गेले. मुदत दुपारी ३.२५ ला संपलेली. हे मला कोणी सांगितलेच नाही. माणूस असता तर सांगितले असते. मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणते आहे.

१७ फेब्रुवारी
मेसेज: ‘अभिनंदन, आपली गाडी तयार होत आहे.’
त्यांच्या नंबरवर फोन लावला. मशीन बोलते. मशीनला खडसावले. मशीन म्हणाले, आपण एक दाबा.

२५ फेब्रुवारी
रत्नागिरीला जिल्ह्यातल्या डीलरांची सभा होती. मी बोलले. म्हटले, माझ्या तालुक्यात एक माणूस, एकसुद्धा, अशी गाडी घेणार नाही. टाळ्या पडल्या.

मग संदेश नावाचा कंपनीचा अधिकारी उठला. वयाने माझ्या मुलाएवढा, फार नम्र. पडद्यावर नकाशा लावला. सगळा जिल्हा कोरा, फक्त खेडवर एक हिरवा ठिपका. म्हणाला, मॅडमचा गैरसमज झालाय. खेडातल्या एका ताईंनी, वय बासष्ट, कोणाची मदत न घेता एकोणीस मिनिटांत गाडी घेतली. आम्ही सगळीकडे त्यांचेच उदाहरण देतो. नाव मात्र गुप्त असते.

चिपळूणचा डीलर माझ्या कानाशी वाकून म्हणाला, कोण हो ही बया? म्हटले, मुंबईची असेल.

सभेनंतर चिपळूणवाल्याने करारावर सही केली. आणखी तिघांनी केली. येताना भोस्ते घाटात गाडी थांबवून दहा मिनिटे बसून राहिले. दृश्य चांगले आहे.

५ मार्च
शिमगा. चाकरमानी आलेत. दर शिमग्याला पाच-सहा गाड्या ठरतात. यंदा लोक आले, दारे धाडकन लावली, चहा प्यायले आणि मोबाईलवर फोटो काढून गेले.

निलेशने शनिवारची रजा मागितली. कारण विचारले. चिपळूणला काम आहे म्हणाला. पॅंटला इस्त्री होती. मी आणखी काही विचारले नाही. विचारायला हवे होते. धीर झाला नाही. म्हणजे वेळ झाला नाही.

१४ मार्च
मेसेज आला. गाडी निघाली. पाडव्याला हस्तांतर. पण हस्तांतर फक्त करार केलेल्या एजंटकडे होते. खेडात तसा कोणी नसल्याने गाडी चिपळूणला उतरवतील.

चिपळूणला. म्हणजे तो चिपळूणवाला कागदावरचे नाव वाचणार.

१६ मार्च
करारावर सही केली. हा माघार घेण्याचा प्रकार नाही. आत शिरून लढायचे, असा विचार आहे. कराराच्या नवव्या कलमाप्रमाणे सत्तावीस वर्षांची गिऱ्हाइके, नावे आणि फोन नंबरसकट, कंपनीला द्यायची. ते कलम आज वाचले, सहीनंतर.  

१८ मार्च
गाडी चिपळूणऐवजी आमच्याकडे आली. कागद निलेशच्या हातात पडले. त्याने नाव वाचले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा वाचले. मला वाटले, आता हसेल. हसला नाही. म्हणाला, मॅडम, रंग चांगला घेतलात. मग म्हणाला, चिपळूणचे माझे काम झाले, एक तारखेपासून जाईन म्हणतो.

जा म्हटले. आणि काय म्हणणार.

१९ मार्च २०२६, गुरुवार, पाडवा
गेल्या पाडव्याला अकरा गाड्या दिल्या होत्या. आजची नोंद:

गाडी, शेवाळी, एक. चाव्या दोन. चार्जिंगची केबल एक. माहितीपुस्तिका एक.
कंपनीला: कराराच्या प्रती दोन. गिऱ्हाइकांची यादी, नावे चार हजार एकशे सहा, पेनड्राईव्ह एक.
देणार: हस्तांतर एजंट, सौ. सुलभा खातू, खेड.
घेणार: सौ. सुलभा खातू, खेड.
दोन्ही सह्या मोबाईलच्या काचेवर बोटाने केल्या. ॲपने नाकारल्या. निलेश म्हणाला, मॅडम, दोन्ही एकाच माणसाच्या वाटत नाहीत, हात जरा टेबलावर टेकवा. त्याने मनगट धरून ठेवले. तिसऱ्या वेळी जुळल्या.
गाडी सुपूर्द, सकाळी ११.४०.